होडीचे आखूड पाइप

प्रिय बाबा,

शनिवारची दुपार आहे आणि मी मघापासून बाल्कनीत जाऊन समोरच्या कडुलिंबाचा शेंडा बघून येते आहे. सकाळी हलत नव्हता, आता हलतोय. म्हणजे उद्या वारा नक्की, असं म्हणून तुम्ही चहा मागितला असता. मला आज चहा जात नाही. दिवाणखान्यात सोफ्याला टेकून पाइपांचे दोन जोड उभे आहेत, एक तुमचा आखूड आणि एक माझा लांब. उद्या सकाळी गाडीच्या टपावर होडीबरोबर त्यातला एकच जोड बांधायचाय. आईशी बोलून झालं, रेवाशी बोलून झालं, शिंदेकाकांशीही झालं. फक्त तुमच्याशी बोलायचं राहिलंय, म्हणून लिहायला बसले.

तुमच्या शोकसभेत सगळे बोलले, मी बोलले नाही. लोकांना वाटलं हिला दुःखानं बोलवत नाही. खरं सांगू? मला तुमच्याबद्दल बोलायचंच नव्हतं, मला तुमच्याशी भांडायचं होतं. आपलं भांडण अर्धवट टाकून तुम्ही निघून गेलात, आणि आता ते मी एकटीनं दोन्ही बाजूंनी भांडते आहे.

हे सगळं कशावरून सुरू झालं आठवतं ना? रेवा लहान होती. सोसायटीत पाण्याचा टँकर आला, त्यानं टाकीत पाइप सोडला, आणि तिनं तुम्हाला विचारलं, "आजोबा, समुद्र कोण भरतं?" आम्ही सगळे हसलो. तुम्ही हसला नाहीत. दिल्लीत वाढत असली तरी देवगडच्या माणसाच्या नातीनं हा प्रश्न विचारावा हे तुमच्या फार जिव्हारी लागलं. आयुष्यभर सरकारी कचेरीत बसून तुम्ही कालव्यांचे आणि पुलांचे नकाशे काढलेत, पण त्या दिवसापर्यंत घरात होडीची एक रेघ ओढली नव्हती. दुसऱ्या दिवशी कीर्तीनगरला जाऊन प्लायवुड बघून आलात.

मग रोज जेवताना तेच. मुलांची होडी म्हणजे मोठ्यांची होडी लहान करायची नाही, हे तुम्ही मला बजावून सांगितलंत. मी काही विचारलंही नव्हतं. "एक शीड, एक दोरी, एक सुकाणू. चौथी वस्तू आली की मूल तिच्याकडे बघत बसतं आणि वारा निघून जातो." तुमच्या गावच्या होडीला एका अंगाला उलांडी असते, तोल सांभाळायला पाण्यावर तरंगणारं लाकूड. तुम्ही म्हणालात, आपण दोन्ही अंगं सारखीच करू. दोन अरुंद होडकी, मध्ये आडवे पाइप, वर बसायला जाळी. इंटरनेटवर बघून रेवा तिला कॅटामरान म्हणायला लागली. तुम्ही शेवटपर्यंत जोडहोडीच म्हणालात.

लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये असतो तर अंगण तरी होतं. इथे द्वारकेत बेसमेंटमधल्या आपल्या पार्किंगमध्ये होडी उभी राहिली आणि माझी गाडी रस्त्यावर गेली. रेझिनचा वास लिफ्टमधून थेट वरच्या मजल्यापर्यंत चढायचा. कुणाकडे नवा फ्रिज आला की तुम्ही त्यांच्या दारात हजर, आतला थर्माकोल मागायला. होडक्यांत थर्माकोल ठासला की प्लायवुड फुटलं तरी ती बुडत नाहीत, हे तुम्ही त्या लोकांना दारातच समजावून सांगायचात. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा मला लिफ्टमध्ये म्हणाले, "मैडम, पापाजी बेसमेंट में क्या बना रहे हैं? मंदिर?" मी म्हटलं, "जी, वैसा ही कुछ."

शीड आईनं शिवलं. छत्रीच्या कापडाचं, केशरी. "लोकांच्या बायका या वयात नातीचे फ्रॉक शिवतात," असं म्हणत म्हणत शिवलं, आणि शिवण मात्र सगळीकडे दुहेरी घातली. तुम्ही नुसतं कापडावरून बोट फिरवलंत. निदान एकदा छान झालंय म्हणायचं होतंत. ती अजून वाट बघते आहे.

आणि तुमच्या त्या आट्याच्या थैल्या! रेवाच्या आणि तिच्या मैत्रिणीच्या वजनाइतक्या थैल्या जाळीवर बांधायच्या आणि होडी किती कलते ते बघायचं, ही तुमची पद्धत. स्वयंपाकघरात कणीक नाही आणि बेसमेंटमध्ये होडीवर आटा बसलाय, असे कितीतरी दिवस आम्ही काढले. मी तेव्हाच म्हटलं होतं की बाबा, थैली घाबरत नाही. थैली एकदम एका बाजूला धावत नाही, मैत्रिणीला हाक मारायला मागे वळत नाही. तुम्ही म्हणालात, "म्हणून तर आधी थैली."

पण तुमच्या नारळी पौर्णिमेला तर खरंच तोड नाही. होडी पाण्यात घालायची ती नारळी पौर्णिमेलाच, हा हट्ट. देवगडला त्या दिवशी दर्याला नारळ देतात, पावसाचा जोर ओसरलेला असतो, होड्या पुन्हा समुद्रात जातात. पण गुरुग्रामच्या पलीकडच्या तळ्याला हे कुणी कळवलं होतं? दिल्लीत त्या दिवसांत पान हलत नाही. वर राखीपौर्णिमेची सुट्टी, त्यामुळे सगळी दिल्ली भजी खायला तळ्यावर लोटलेली. तुम्ही धोतर नेसून नारळ सोडलात. रेवा आणि तिची मैत्रीण गुरलीन लाइफ जॅकेट घालून ऐटीत बसल्या. होडी ढकलली, ती थोडी पुढे गेली, आणि तिथेच उभी राहिली. शीड वाळत घातलेल्या साडीसारखं लोंबत होतं. तुमचा नारळ होडीच्या पुढे निघून गेला. भाड्याच्या बोटी चालवणारा माणूस काठावरून ओरडला, "अंकल, पैडल लगवा लो!"

परत येताना टोलनाक्यावर गाडी थांबली. तुम्ही एकदम म्हणालात, "तिथलं पंचांग इथे लावलं, चूक झाली. आता चैत्र-वैशाखात येऊ. तेव्हा इथे वारा असतो." आणि खिडकीतून बाहेर बघत गालातल्या गालात हसलात. इतकं फसल्यावर माणूस हसतो कसा, मला तेव्हा कळलं नाही.

चैत्र कधीच सरला, बाबा. वारा सुटलाय. तुम्ही कुठे आहात?

थांबा, कुकर झाला. बघून येते.

आले. तर मला त्या हिवाळ्याबद्दल लिहायचंय आणि लिहायचं नाहीये. बेसमेंटच्या उतारावर तुम्ही घसरलात, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि मग रोज तुम्हाला उभं करायचं काम माझ्याकडे आलं. तुम्ही वॉकर धरून उभे, मी मागून तुमच्या कमरेला घट्ट धरलेलं. तुम्ही म्हणायचात, "मंजू, हात सोड. मला माझा तोल कळू दे." मी सोडायची नाही. कशी सोडणार? डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता पडता कामा नये. तुम्ही पडला नाहीत. पण तुम्ही पुन्हा चाललाही नाहीत. मग ती धुराची थंडी आली, छाती भरली, आणि व्हायचं ते झालं.

मी चुकले असं मी म्हणणार नाही. पुन्हा तशीच वेळ आली तरी मी धरीनच. पण धरल्यावर तुम्ही मान वळवून माझ्याकडे बघायचात ना, ती नजर अजून जात नाही. रागाची असती तर बरं झालं असतं. तुम्ही माझी समजूत घातल्यासारखे बघायचात.

म्हणून मी लांब पाइप आणले. तुमचे पाइप होडक्यांना बोल्टांनी बसतात, काढता-घालता येतात, तेव्हा बदलायला काही कठीण नव्हतं. दोन होडकी एकमेकांपासून जितकी लांब, तितकी जोडहोडी उलटायला अवघड. हे शाळेतलं पोरही सांगेल. मग तुम्हीच पाइप इतके आखूड का ठेवलेत? मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, "ती उलटायला हवी." कुठला आजोबा असं म्हणतो? नातीसाठी होडी करतो आणि म्हणतो ती उलटायला हवी!

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. मी दिल्लीत वाढलेली, माझ्यासाठी पाणी म्हणजे नळाची वेळ. उन्हाळ्यात देवगडला गेलो की तुम्ही होडीत बसून हाक मारायचात आणि मी वाळूत बसून राहायची. तुम्ही कधी ओढून नेलं नाहीत. एकटेच जायचात, पण मला दिसाल इतकंच लांब. तेव्हा मला वाटायचं तुम्हाला माझी पर्वा नाही. आता रेवाला तळ्यावर न्यायचं म्हटलं की मला धास्ती वाटते, आणि तुम्ही तीच धास्ती घेऊन वर्षानुवर्षं होडीत शांत बसलेले असायचात की काय, अशी शंका येते.

तुमचं ते पानिपत पण या भांडणात येतंच. महाराष्ट्रातून कुणीही पाहुणा आला की त्याला काला आंबच्या स्मारकापाशी नेणं हे तुमचं व्रत. माझ्या नवऱ्याला तर लग्नाआधी नेलंत. पाहुणे तिथे डोळे पुसायचे आणि तुम्ही दर वेळी तेच एक वाक्य म्हणायचात, "जायची तयारी मोठी होती. परत यायचा बंदोबस्त नव्हता." इथवर ठीक आहे. पण फ्रिजवर लावलेल्या होडीच्या नकाशासमोर उभं राहून रेवालाही तुम्ही तेच सांगितलंत. पानिपत आणि पोरींची होडी एका दमात बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मी चिडून म्हटलं होतं की पोरीच्या डोक्यात हे काय भरवताय? तुम्ही म्हणालात, "तिला कळलंय. तुला कळेल."

मला आज सकाळी कळलं, आणि कळलेलं मला आवडलेलं नाही.

सोसायटीचा स्विमिंग पूल उघडलाय. तळ्यावर नेण्याआधी होडी पुलात उलटवून बघायची, हे शिंदेकाकांच्या डोक्यातून निघालं. फौजेतून निवृत्त झालेला तुमचा हा चहाचा सोबती तुम्ही गेल्यापासून मला रोज फोन करतो आणि "काही काम?" एवढंच विचारतो. सेक्रेटरींनी परवानगी दिली, पण होडी धुऊन आणायची आणि पुलात उतरणाऱ्या प्रत्येकानं टोपी घालायची या अटीवर. शिंदेकाकांच्या डोक्यावर औषधाला केस नाही. तरी गार्ड अडून बसला, "कैप कंपल्सरी है, सर." मग काका गुरलीनची गुलाबी टोपी घालून पाण्यात उतरले. तुम्ही असतात तर बघवलं नसतं तुम्हाला.

आधी माझे लांब पाइप लावले. शीड गुंडाळून ठेवलं होतं. डोलकाठीच्या टोकाला दोर बांधून मी काठावरून ओढत होते, शेजारचे अरोडाजी ओढत होते, शिंदेकाका पाण्यातून होडकं उचलत होते. होडी हलेना. इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. वर खिडकीत उभ्या असलेल्या आईला मी हात केला. शेवटी सगळ्यांनी मिळून एकदाची ती आडवी केली. डोलकाठी पाण्यावर आडवी पडली. तिच्या टोकाला तुम्ही तोंड बंद केलेला पाण्याचा रिकामा डबा बसवला होता, त्यानं ती बुडू दिली नाही. एक होडकं पाण्यात, दुसरं उंच हवेत. मग रेवा आणि गुरलीन तुम्ही शिकवलं होतंत तशा खालच्या होडक्यावर उभ्या राहिल्या, वरच्या होडक्यावरून आलेला दोर धरला आणि मागे रेलल्या.

काही होईना. दोघी दोराला लोंबकळत होत्या, धुणं लोंबावं तशा. "नाही होत आहे, यार!" गुरलीनला आपल्या घरी येऊन येऊन एवढं मराठी आलंय. रेवाचे हात लाल झाले. शिंदेकाका पुढे झाले तर ती ओरडली, "काका, नको! तिकडे तुम्ही पाण्यात नसणार ना!" आणि मी काठावर उभी होते, बाबा. जी होडी उलटायला इतकी अवघड, तीच सरळ करायला त्याहून अवघड. पाइप लांब म्हणजे वरचं होडकं आणखी उंच, आणि त्याला खाली खेचायला या दोघींचं वजन पुरत नाही. मी होडी उलटू नये म्हणून बंदोबस्त केला होता. परत यायचा केला नव्हता.

रेवा पुलाबाहेर आली आणि माझ्याकडे न बघता शिंदेकाकांना म्हणाली, "आजोबांचा वाला लावा. मम्माचा पाइप बकवास आहे."

तुमचे आखूड पाइप लावले. रेवा नुसती एका टोकाला जाऊन बाहेर झुकली, मी दोर जरा ओढला, आणि होडी गेली. इतकी सहज गेली की माझ्या तोंडून किंकाळी निघाली. अरोडाजी दचकले. मग दोघी खालच्या होडक्यावर चढल्या, दोर धरला, मागे रेलल्या. होडी क्षणभर विचार करत राहिली आणि उठली. वरचं होडकं धपकन पाण्यात आलं, दोघींनी तुम्ही सांगितल्याप्रमाणे डोकी वाकवली आणि जाळीवर चढून बसल्या. मग पुन्हा उलटवली. पुन्हा उठवली. पुढे पुढे तर त्या मुद्दाम पाडायला लागल्या. पाण्यात पडताना हसत होत्या, बाबा. पडताना कुणी हसतं का?

तुम्ही टोलनाक्यावर हसला होतात, ते आठवलं.

आता म्हणाल, मग प्रश्न कुठे राहिला? आखूड पाइप बांध आणि जा. असं कसं? पुलात वारा नव्हता. पुलाच्या तळाशी चिखल नव्हता. तळं म्हणजे तळं. हे सगळं डोक्याला पटलंय, पण पाय एका जागी ठरत नाहीत. पुलावरून आल्यापासून मी दोनही जोड पुसून ठेवले, आखूड गाडीपाशी नेऊन ठेवले, पुन्हा वर आणले. रेवा झोपलीये, दमून. तिच्या तळहातावर दोराचे वळ आहेत. तिला मी जेवताना विचारलं, "डर नाही वाटत तुला?" ती म्हणाली, "वाटतो. पण मला उठता येतो आता." मराठी चुकलं तिचं. मी सुधारलं नाही.

थांबा, पुन्हा एकदा बाल्कनीत जाऊन वारा बघून येते.

बाबा, ऐका. मी उठले तर सोफ्यापाशी लांब पाइप नव्हते. बाल्कनीत आई उभी होती. तिनं माझे नवे कोरे पाइप दोन्ही कठड्यांमध्ये आडवे बांधले होते आणि त्यावर पुलावरचे ओले कपडे वाळत घालत होती. रेवाचा पोहण्याचा पोशाख, टॉवेल, गुलाबी टोपी.

मी म्हटलं, "आई, हे काय?"

"इथली दोरी कधीची तुटलीये. तुझ्या बाबांना सांगून सांगून थकले."

"अगं, पण उद्या..."

"उद्याचे ते तिथे आहेत ना, सोफ्याजवळ." तिनं टॉवेल झटकला. "मी पण येणार आहे उद्या. मागच्या वेळी आले नाही. माझं शीड वाऱ्यात कसं दिसतं ते अजून मी पाहिलं नाहीये."

मी म्हटलं, "ती पडणार आहे, आई. दोघी पडणार आहेत."

"हो ना," आई म्हणाली, आणि चिमटा तोंडात धरून टोपी सारखी करत राहिली.

तेव्हा ठरलं म्हणायचं. तुम्ही दोघं मिळून माझं काही चालू देत नाही, अजूनही. नारळ आणून ठेवलाय. पंचांगात उद्या काही नाही, पण मी सोडणार आहे. या वेळी होडी सुटल्यावर सोडीन, म्हणजे तो तिच्या पुढे जायचा नाही.

आणि एक शब्द देते. शिंदेकाका मोटरबोट घेऊन जवळच असतील, आणि मुलींनी हाक मारली तर लगेच जातील. पण मुलींनी हाक मारेपर्यंत मी काकांना हाक मारणार नाही. केशरी शीड पाण्यावर आडवं पडेल, दोन डोकी वर येतील, त्या होडक्यावर चढतील, दोर शोधतील. तेवढा वेळ मी काठावर उभी राहीन, आईशेजारी. ज्या हातांनी तुम्हाला धरून ठेवलं होतं ते हात मी पाठीमागे बांधून घेईन. तुम्हाला वाटलं तर मान वळवून एकदा बघा माझ्याकडे.

सोडलाय मी हात, बाबा.

तुमची,
मंजू